पी. जी. वुडहाउस : वृत्तपत्रसम्राटाला हसणारा लेखक

इंग्रजी विनोदी साहित्यातील अग्रगण्य लेखक म्हणून पी. जी. वुडहाउस यांचे नाव जगभर परिचित आहे. जीव्ह्ज हा चतुर सेवक, त्याचा भोळा मालक बर्टी वूस्टर आणि आपल्या डुकरिणीवर जीव टाकणारे ब्लँडिंग्ज किल्ल्याचे धनी लॉर्ड एम्सवर्थ या पात्रांनी त्यांना अमाप लोकप्रियता मिळवून दिली. त्यांच्या लेखणीतून उतरलेले आणखी एक पात्र मात्र या गर्दीत काहीसे मागे राहिले. ते म्हणजे लॉर्ड टिलबरी. बुटका, स्थूल, स्वतःला नेपोलियन समजणारा आणि डझनावारी नियतकालिकांचा मालक असलेला हा प्रकाशनसम्राट १९२४ ते १९६४ या चाळीस वर्षांत वुडहाउस यांच्या पाच कादंबऱ्यांत वावरला आणि प्रत्येक वेळी फजित झाला.

या चाळीस वर्षांच्या मध्यावर, १९४१ मध्ये, प्रसारमाध्यमांच्या सामर्थ्याचा जबर तडाखा स्वतः वुडहाउस यांना बसला. एकीकडे शत्रूराष्ट्राच्या नभोवाणीने त्यांच्या विनोदाचा वापर करून घेतला आणि दुसरीकडे मायदेशातील वृत्तपत्रांनी व नभोवाणीने त्यांना देशद्रोही ठरवले. त्या आघातानंतरही त्यांचा लॉर्ड टिलबरी बदलला नाही. तो पूर्वीइतकाच हास्यास्पद आणि पूर्वीइतकाच निरुपद्रवी राहिला. वुडहाउस यांच्या आयुष्याची आणि स्वभावाची ओळख करून घेण्यासाठी हे पात्र त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

पेलहॅम ग्रेनव्हिल वुडहाउस यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे झाला. त्यांचे वडील हाँगकाँगमध्ये ब्रिटिश सरकारच्या सेवेत न्यायदंडाधिकारी होते. त्या काळच्या प्रथेप्रमाणे मुलांना लहान वयातच इंग्लंडला धाडण्यात आले आणि वुडहाउस यांचे बालपण दाया, वसतिगृहे व नात्यातील मावशा-आत्या यांच्या सहवासात गेले. पुढे त्यांच्या कथांमध्ये करड्या शिस्तीच्या मावशा-आत्यांचा सुळसुळाट झाला, त्याचे मूळ या बालपणात असल्याचे अभ्यासक मानतात. १८९४ ते १९०० या काळात लंडनच्या दक्षिणेकडील डलिच कॉलेज या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि या शाळेवर त्यांनी आयुष्यभर प्रेम केले.

ऑक्सफर्ड विद्यापीठात जाण्याचे त्यांचे स्वप्न मात्र अपुरे राहिले. या अपेक्षाभंगाशी भारतीय चलनाचा संबंध आहे. त्यांच्या वडिलांचे निवृत्तिवेतन रुपयांत मिळत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचा भाव घसरत गेला आणि त्याबरोबर पौंडाच्या तुलनेत रुपयाचे मूल्यही ढासळले. रुपयाच्या या चंचलतेमुळे घरातील दोन मुलांना एकाच वेळी विद्यापीठात पाठवणे कुटुंबाला परवडले नाही, असे वुडहाउस यांनी स्वतःच पुढे मिश्कीलपणे नमूद केले आहे. त्यांचे थोरले बंधू आर्मिन शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले. थिऑसॉफीच्या चळवळीकडे ओढले गेलेले आर्मिन नंतर भारतात आले, त्यांनी येथे अध्यापन केले आणि जे. कृष्णमूर्ती यांच्या शिक्षकांपैकी ते एक होते.

धाकट्या वुडहाउस यांच्या वाट्याला बँकेतील नोकरी आली. सप्टेंबर १९०० मध्ये ते हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कार्यालयात रुजू झाले. हिशेबाच्या वह्यांत त्यांचे मन रमले नाही. दिवसा बँकेत आणि रात्री लेखनाच्या मेजाशी, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. दोन वर्षांत त्यांनी विविध नियतकालिकांना असंख्य लहानमोठे मजकूर पाठवले आणि त्यांतील अनेक छापून आले.

हा काळ लंडनमधील नियतकालिकांच्या भरभराटीचा होता. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये साक्षरतेचा प्रसार झाला आणि स्वस्त, सोपे व मनोरंजक वाचन हवे असलेला नवा वाचकवर्ग उदयाला आला. या वर्गाची नाडी अचूक ओळखणाऱ्यांत आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८६५ मध्ये डब्लिनजवळ जन्मलेल्या हार्म्सवर्थ यांनी १८८८ मध्ये 'आन्सर्स' हे साप्ताहिक सुरू केले. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, एवढेच त्याचे मूळ स्वरूप होते. पुढच्याच वर्षी त्यांनी एक स्पर्धा जाहीर केली. बँक ऑफ इंग्लंडमधील ठराविक दिवसाच्या सुवर्णसाठ्याचा अचूक अंदाज वर्तवणाऱ्यास आयुष्यभर दर आठवड्याला एक पौंड, असे तिचे बक्षीस होते. या स्पर्धेसाठी सात लाखांहून अधिक प्रवेशपत्रे आली आणि साप्ताहिकाचा खप झपाट्याने वाढला.

त्यानंतर हार्म्सवर्थ यांनी मुलांसाठी, गृहिणींसाठी आणि कारकुनांसाठी स्वतंत्र नियतकालिके काढण्याचा सपाटा लावला. ४ मे १८९६ रोजी त्यांनी अर्ध्या पेनीत मिळणारे 'डेली मेल' हे दैनिक सुरू केले. १९०३ मध्ये 'डेली मिरर' निघाले. १९०५ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली आणि ते लॉर्ड नॉर्थक्लिफ झाले. १९०८ मध्ये प्रतिष्ठित 'द टाइम्स'ही त्यांच्या ताब्यात आले. मंत्रिमंडळावर दबाव आणण्याची ताकद असलेला वृत्तपत्रसम्राट म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचा दरारा होता.

वुडहाउस या साम्राज्याच्या तळाशी उभे राहून त्याकडे पाहत होते. एका मजकुरामागे मिळणाऱ्या थोडक्या मानधनावर गुजराण करणाऱ्या होतकरू लेखकांपैकी ते एक होते आणि 'आन्सर्स'साठीही त्यांनी लिहिले होते. १९०२ मध्ये त्यांनी बँकेचा राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि 'द ग्लोब' या सायंदैनिकात त्यांना काम मिळाले. सकाळच्या वृत्तपत्रांतील बातम्यांवर विनोदी टिपणे लिहून ती दुपारच्या आत छपाईला देणे, हे त्या कामाचे स्वरूप होते. १९०४ मध्ये या सदराची संपूर्ण जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्यात आली. बातमी कशी फुगवली जाते, वाचकाला काय हवे असते आणि संपादकाला मालकाची भीती किती वाटते, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले.

या शिक्षणाचा पहिला ठळक पुरावा १९०९ मध्ये दिसला. त्याआधी तीन वर्षे 'डेली मेल'ने विल्यम ल क्यू यांची इंग्लंडवरील काल्पनिक जर्मन आक्रमणाची कथा क्रमशः छापली होती. ज्या गावांत दैनिकाचा खप वाढण्याची शक्यता होती, त्या गावांतून शत्रूसैन्याचा मार्ग आखला जाईल, याची काळजी तेव्हा घेतली गेली. वुडहाउस यांनी 'द स्वूप' या छोटेखानी पुस्तकात या भयप्रचाराची यथेच्छ टिंगल केली. त्यांच्या कथेत एकाच वेळी अनेक देशांच्या फौजा इंग्लंडमध्ये उतरतात, परंतु वृत्तपत्रांना आणि जनतेला क्रिकेटच्या धावसंख्येपुढे त्याचे फारसे काही वाटत नाही. अखेरीस एक बालवीर देशाचे रक्षण करतो.

त्याच सुमारास वुडहाउस यांचे अमेरिकेशी नाते दृढ झाले. १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कथांना इंग्लंडपेक्षा कितीतरी अधिक मानधन मिळाले. ३० सप्टेंबर १९१४ रोजी त्यांनी एथेल यांच्याशी विवाह केला आणि एथेल यांची कन्या लिओनोरा हिला आपली मुलगी मानले. १९१५ मध्ये ब्लँडिंग्ज किल्ला आणि जीव्ह्ज या दोहोंनी त्यांच्या साहित्यात प्रवेश केला. संगीत नाटकांसाठी गीते व संवाद लिहून त्यांनी ब्रॉडवेवरही नाव मिळवले.

लॉर्ड नॉर्थक्लिफ यांचे १४ ऑगस्ट १९२२ रोजी निधन झाले. अखेरच्या महिन्यांत त्यांचे मानसिक संतुलन ढळले होते. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, 'बिल द काँकरर' या कादंबरीत वुडहाउस यांनी सर जॉर्ज पाइक या पात्राला जन्म दिला. मॅमथ पब्लिशिंग कंपनी या अवाढव्य संस्थेचा हा मालक. सरदारकी मिळण्याची चिन्हे दिसताच कोणते नाव धारण करावे, या विवंचनेत तो सापडतो. पुढच्या कादंबरीपर्यंत तो लॉर्ड टिलबरी झालेला असतो. त्याच्या नियतकालिकांचा पसारा आणि नेपोलियनी थाट पाहून समकालीन वाचकांना नॉर्थक्लिफ यांची आठवण होणे स्वाभाविक होते. अभ्यासकांनीही या पात्राचा मूळ नमुना म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवले आहे.

तथापि वुडहाउस यांनी या पात्रातून राजकीय टीका केली नाही. सरकारे पाडणारा, युद्धे पेटवणारा मालक त्यांना रंगवायचा नव्हता. त्यांचे लक्ष होते ते सत्ता आणि सत्ताधीश यांच्यातील विसंगतीकडे. टिलबरीच्या कार्यालयात शेकडो माणसे त्याच्या चाहुलीने थरथरतात, परंतु समाजातील कुलंगड्या छापणाऱ्या त्याच्या साप्ताहिकाचा संपादक असलेला त्याचा स्वतःचा मुलगा मारहाणीच्या भीतीने खमंग लेखमालाच बंद करून टाकतो. १९२५ च्या 'सॅम द सडन'मध्ये घरगुती साप्ताहिकात गृहिणींना सल्ला देणारी प्रेमळ मावशी प्रत्यक्षात एक धट्टाकट्टा तरुण असतो. १९३३ च्या 'हेवी वेदर'मध्ये बालसाप्ताहिकाचा उपसंपादक मॉन्टी बॉडकिन लहानग्या वाचकांना दारूच्या बाटलीवरची पैज शिकवतो आणि टिलबरी त्याला तत्काळ घरी पाठवतो.

याच कादंबरीत या पात्राची सर्वांत अविस्मरणीय फजिती आहे. गॅलहॅड थ्रीपवूड या उमद्या वृद्धाने आपल्या तरुणपणाच्या आठवणी लिहिलेल्या असतात. आज सभ्यतेचे आधारस्तंभ म्हणून मिरवणाऱ्या बड्या मंडळींची जुनी कृत्ये त्यांत असतात आणि त्यामुळे अवघा उमराववर्ग हवालदिल झालेला असतो. प्रकाशनाचे हक्क टिलबरीकडे असतात, पण गॅलहॅड ऐनवेळी हस्तलिखित देण्यास नकार देतो. हातचा नफा जातो, या विचाराने कासावीस झालेला टिलबरी स्वतः ब्लँडिंग्ज किल्ल्यावर धाव घेतो. तेथे डुकरिणीच्या खुराड्यापाशी तो संशयास्पद स्थितीत आढळतो आणि तिचा राखणदार त्याला सरळ एका खोपटात कोंडतो. ज्याच्या शब्दावर लंडनमधील नियतकालिके चालतात, त्याचे म्हणणे खेड्यातला राखणदार ऐकूनही घेत नाही. ते बहुमोल हस्तलिखित अखेर डुकरिणीच्या पोटात जाते.

छापील शब्दाच्या सत्तेवर इतके निर्विष हसू दुसऱ्या कोणाला क्वचितच साधले असेल. १९३८ मध्ये एव्हलिन वॉ यांनी 'स्कूप' या कादंबरीत लॉर्ड कॉपर हा वृत्तपत्रसम्राट उभा केला. वॉ यांचा उपरोध बोचरा आहे आणि त्यांच्या वृत्तपत्रांमुळे दूरच्या देशातील घडामोडींना वळण लागते. वुडहाउस यांच्या जगात मात्र वृत्तपत्रांमुळे कोणाचेही कायमचे नुकसान होत नाही. जीवनातही असेच असते, असा त्यांचा समज असावा. तो लवकरच खोटा ठरणार होता.

१९३४ पासून वुडहाउस पतिपत्नी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ल तुके येथे राहत होते. जून १९३९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. ज्या विद्यापीठात शिकायला मिळाले नाही, त्यानेच दिलेला हा गौरव होता. वर्षभरात जर्मन सैन्याने फ्रान्स व्यापला आणि जुलै १९४० मध्ये इतर ब्रिटिश पुरुषांबरोबर वुडहाउस यांनाही स्थानबद्ध करण्यात आले. फ्रान्स व बेल्जियममधील तुरुंगांतून त्यांची रवानगी अप्पर सायलेशियातील टोस्ट येथील छावणीत झाली. पूर्वी मनोरुग्णालय असलेल्या या इमारतीतही त्यांचे लेखन थांबले नाही. 'मनी इन द बँक' ही कादंबरी त्यांनी तेथे लिहिली.

२१ जून १९४१ रोजी, वयाची साठ वर्षे पूर्ण होण्याच्या काही महिने आधी, त्यांची सुटका करून त्यांना बर्लिनला नेण्यात आले. छावणीतील अनुभवांवर अमेरिकी श्रोत्यांसाठी भाषणे करण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो स्वीकारला. अमेरिका त्या वेळी युद्धात उतरली नव्हती आणि आपल्या अमेरिकी वाचकांना खुशाली कळवावी, एवढाच आपला हेतू होता, असे वुडहाउस यांचे म्हणणे होते. पाच भाषणे ध्वनिमुद्रित झाली. त्यांत नाझी विचारांचा प्रचार नव्हता. तुरुंगवासाचे आणि छावणीतील गैरसोयींचे ते हलकेफुलके वर्णन होते. जर्मन परराष्ट्र खात्याला मात्र त्यातील एकेक वाक्य उपयोगाचे नव्हते, तर तो हलकेफुलकेपणाच हवा होता. इंग्लंडचा लाडका लेखक जर्मन कैदेविषयी हसत बोलतो, हे तटस्थ अमेरिकेला ऐकवणे हाच त्यांचा हेतू होता. पुढे ही भाषणे ब्रिटनच्या दिशेनेही प्रसारित करण्यात आली.

बाँबहल्ल्यांचे महिने सोसलेल्या ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. १५ जुलै १९४१ रोजी 'कॅसान्ड्रा' या टोपणनावाने लिहिणारे 'डेली मिरर'चे स्तंभलेखक विल्यम कॉनर यांनी बीबीसीवरून वुडहाउस यांच्यावर जहाल हल्ला चढवला. ऐषारामासाठी देश विकल्याचा आरोप त्यांनी केला. बीबीसीच्या नियामक मंडळाचा या भाषणाला विरोध होता, परंतु माहितीमंत्री डफ कूपर यांनी ते प्रसारित करण्याचा आदेश दिला. काही ग्रंथालयांनी वुडहाउस यांची पुस्तके काढून टाकली आणि बीबीसीवर त्यांच्या साहित्याला मज्जाव करण्यात आला. 'डेली मिरर' हे मुळात हार्म्सवर्थ यांनी काढलेले दैनिक. १९४१ पर्यंत ते त्या घराण्याच्या हातून गेले होते, पण लाखो वाचकांच्या भावनांना एका दिवसात हात घालण्याची त्याची क्षमता कायम होती.

सप्टेंबर १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त झाल्यानंतर, ब्रिटिश गुप्तचर संस्थेचे मेजर एडवर्ड कसेन यांनी तेथे वुडहाउस यांची चौकशी केली. वुडहाउस यांचे वर्तन अविचारी होते, परंतु खटला चालवण्याजोगा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात लिओनोराचे निधन झाले होते आणि तो घाव वुडहाउस यांच्यासाठी सर्वांत खोल होता. १९४५ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांनी प्रदीर्घ लेख लिहून त्यांचा बचाव केला. वुडहाउस यांचे मन पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लंडमध्येच थांबले असून राजकीय भाबडेपणापलीकडे त्यांचा काही अपराध नाही, असे ऑर्वेल यांचे प्रतिपादन होते. कसेन यांचा अहवाल मात्र १९८० पर्यंत जनतेसमोर आला नाही. निर्दोषत्वाचा तो कागद वुडहाउस यांच्या हयातीत सरकारी कपाटातच राहिला.

१९४७ मध्ये वुडहाउस अमेरिकेला गेले. १९५२ पासून लाँग आयलंडवरील रेम्झेनबर्ग या गावी त्यांनी घर केले आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. इंग्लंडमध्ये त्यांनी पुन्हा पाऊल ठेवले नाही. बर्लिनच्या भाषणांविषयी त्यांनी आपली चूक मान्य केली होती. १९५४ मध्ये 'एन्काउंटर' या मासिकाने त्या भाषणांची संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांत नेमके काय होते, हे ब्रिटिश वाचकांना प्रथमच नीटपणे वाचायला मिळाले. विशेष म्हणजे कॉनर यांच्याशी पुढे त्यांची भेट झाली आणि दोघांत स्नेह जुळला. १५ जुलै १९६१ रोजी, कॉनर यांच्या भाषणाला वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, एव्हलिन वॉ यांनी बीबीसीवरूनच वुडहाउस यांच्या गौरवाचे आणि त्यांच्यावरील अन्यायाच्या परिमार्जनाचे भाषण केले.

त्याच वर्षी 'सर्व्हिस विथ अ स्माइल' ही कादंबरी आली आणि तब्बल अठ्ठावीस वर्षांनी लॉर्ड टिलबरी ब्लँडिंग्जच्या कथेत परतला. या वेळी त्याला हस्तलिखित नको असते, तर लॉर्ड एम्सवर्थ यांची डुकरीणच हवी असते आणि त्यासाठी तो चोरीचा माल विकत घ्यायलाही तयार होतो. १९६४ च्या 'फ्रोझन अ‍ॅसेट्स'मध्ये, भावाची मालमत्ता एका तरुणाच्या हाती न जाता आपल्याकडे यावी म्हणून तो डावपेच लढवतो आणि पुन्हा तोंडघशी पडतो. वृत्तपत्राच्या एका स्तंभलेखकाने आणि सरकारी नभोवाणीच्या एका भाषणाने ज्याला मायदेशाला कायमचे पारखे केले, त्या लेखकाला आता या पात्राच्या आडून सूड उगवता आला असता. एखादा क्रूर, विखारी टिलबरी वाचकांनी समजून घेतला असता. तसे घडले नाही. ऐंशी वर्षांच्या वुडहाउस यांनी टिलबरीला पूर्वीसारखेच डुकरिणीच्या मागे धावायला लावले.

या अलिप्ततेला काहींनी वास्तवापासून पळवाट म्हटले आहे. बर्लिनमध्ये ज्या भाबडेपणाने त्यांचा घात केला, तोच भाबडेपणा त्यांच्या साहित्याला निर्मळ ठेवत होता, हे त्याचे दुसरे अंग. माध्यमांचे यंत्र किती हास्यास्पद आहे, हे त्यांना तरुणपणीच उमगले होते. ते किती घातक ठरू शकते, हे त्यांना स्वानुभवाने कळले. तरीही लिहिताना त्यांनी पहिल्याच जाणिवेवर भिस्त ठेवली.

कालांतराने कटुता ओसरली. १९६५ पासून बीबीसीने दूरचित्रवाणीवर बर्टी वूस्टर आणि जीव्ह्ज यांच्या कथांची मालिका सादर केली. १९७५ च्या नववर्षदिनी वुडहाउस यांना ब्रिटनच्या राणीकडून नाइट हा किताब जाहीर झाला. दीड महिन्यानंतर, १४ फेब्रुवारी १९७५ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी लाँग आयलंडवरील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ब्लँडिंग्ज मालिकेतील एका नव्या कादंबरीवर त्यांचे काम सुरू होते. ती अपूर्ण कादंबरी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्यांच्या स्मृतिशिळेचे अनावरण झाले.

नव्वदहून अधिक पुस्तके नावावर असलेल्या या लेखकाचा वाचकवर्ग भारतातही मोठा आहे. रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांच्या दुकानांतून आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून अनेक पिढ्यांनी त्यांची पुस्तके वाचली. त्या पुस्तकांच्या पानांत लॉर्ड टिलबरी आजही आपल्या नियतकालिकांच्या साम्राज्यावर राज्य करतो. हार्म्सवर्थ यांनी एकत्र आणलेली वृत्तपत्रे वेगवेगळ्या मालकांकडे गेली आणि 'आन्सर्स' कधीच बंद पडले. मॅमथ पब्लिशिंग कंपनी मात्र अजून सुरू आहे.